एल्फिन म्हणजे नक्की कशी?

"ताई, ही मावशी बावन्न वर्षांची आहे, तिला दोन नातवंडं आहेत आणि ती दुकानातून चमचे चोरते. ती परीसारखी कशी असेल?"

संपादकांचा फोन होता आणि त्यांचं म्हणणं रास्त होतं. एका इंग्रजी कादंबरीचं भाषांतर चालू होतं. त्यातल्या या मावशीच्या चेहऱ्याला लेखिकेनं 'एल्फिन' म्हटलं होतं, तेही पाच वेळा. पहिल्या वेळी मी 'नाजूक' लिहून पुढे सरकले. दुसऱ्या वेळी 'परीसारखा'. तिसऱ्या वेळी 'निरागस' लिहिलं, ते तर साफच चुकलं. चमचे चोरणारी बाई निरागस कुठली? फोन आला तेव्हा मी चौथ्या 'एल्फिन'पाशी अडले होते. मग काम बाजूला ठेवलं आणि शब्दाच्या मागे लागले.

कोशात अर्थ मिळतो: एल्फसारखा, चिमुकला, नाजूक, खट्याळ. पण 'एल्फसारखा' म्हणजे कसा, हे कळायला एल्फ माहीत हवा, आणि तो आपल्याकडे नाही. आपल्याकडे वेताळ आहे, मुंजा आहे, कोकणात चकवा आहे, गोव्यात देवचार आहे. एल्फ नाही. हॅरी पॉटर वाचलेल्या मुलांना टेनिसच्या चेंडूएवढे डोळे असलेला डॉबी आठवतो, सिनेमे पाहणाऱ्यांना टोकदार कानांचे, उंच, धनुर्धारी एल्फ आठवतात, आणि डिसेंबरात मॉलमध्ये गेलेल्यांना हिरव्या टोपीतले सांताक्लॉजचे मदतनीस. या तिघांत मुळात साम्य काय?

आधी आजचा वापर पाहू. हे विशेषण बहुतेक वेळा चेहऱ्याला, चणीला किंवा हसण्याला लागतं. डोळ्यांसमोर आणायची तर ऑड्री हेपबर्न आणा. १९५३ च्या 'रोमन हॉलिडे'त ती केस आखूड कापून घेते, त्यानंतरची. लहानखुरा चेहरा, मोठाले डोळे, हनुवटीकडे निमुळता होत गेलेला आकार. तिच्याविषयी लिहिताना इंग्रजी लेखकांच्या हातून हा शब्द हटकून पडतो. सोफिया लॉरेन तिच्याइतकीच सुंदर, पण तिला कोणी एल्फिन म्हणणार नाही. भरदार बांध्याला तो शब्द बसतच नाही. आणि नुसतं लहानखुरं असूनही भागत नाही. बारीक चणीची, पण गरीब, गोगलगाय चेहऱ्याची बाई एल्फिन होत नाही. डोळ्यांत चमक हवी. ही आत्ता काहीतरी करेल आणि करून नामानिराळी राहील, अशी शंका यायला हवी.

म्हणजे शब्दात तीन गोष्टी आहेत. चण लहान, आकार निमुळता, आणि तिसरी जरा निसटती: ही व्यक्ती पुरती इथली नाही, तिचा एक पाय दुसऱ्या कुठल्या तरी जगात आहे असा भास. पहिल्या दोन गोष्टी 'नाजूक'मध्ये येतात. तिसरी येत नाही, आणि माझं घोडं तिथेच अडलं होतं.

मोठ्या पुरुषांना हा शब्द फारसा लागत नाही. मुलांना लागतो, बायकांना लागतो, आखूड केसांच्या बायकांना तर फारच लागतो. तो कौतुकाचा असला तरी जपून वापरायचा. पाहुण्या शास्त्रज्ञ बाईंची ओळख करून देताना कोणी 'एल्फिन' म्हणालं, तर ते आपल्याकडच्या 'चिमुरडी'सारखं ऐकू येतं. गोड, पण समोरच्या माणसाची उंची दोन इंचांनी कमी करणारं.

या शब्दाची भावंडंही आहेत आणि ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. 'एल्फिश' म्हणजे खोडकर, वात्रट, क्वचित विचित्रही. यात सौंदर्याची अट नाही. 'एल्विश' म्हणजे एल्फांचं, एल्फांसंबंधीचं. हल्ली हा शब्द मुख्यतः भाषेसाठी येतो. (आपल्याकडे 'एल्विश' म्हटलं की लोकांना आधी एक यूट्यूबर आठवतो, तो निराळा विषय.) 'एल्वन' हा जुना शब्द 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'कार टॉल्किनने पुन्हा चालवला आणि आता तो बराचसा कल्पनारम्य कथांत आणि व्हिडिओ गेम्समध्ये राहतो: एल्वन तलवार, एल्वन राजा. चेहरा मात्र एल्फिनच.

मध्येच फ चा व कसा झाला, असं कोणी विचारेल. शाळेत आपण नाइफ-नाइव्ह्ज, वुल्फ-वुल्व्ह्ज हे घोकलेलं असतं आणि ते तसं का, हे कोणी सांगितलेलं नसतं. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या दोन आवाजांना दोन अक्षरं नव्हती. लिहायचे फ, पण स्वरांच्या किंवा ल-रसारख्या आवाजांच्या मध्ये आला की म्हणायचे व. शब्दाच्या शेवटी फ तसाच राहिला आणि प्रत्यय लागून मध्ये सापडला की व झाला. म्हणून 'एल्विश' हे रूप जुन्या उच्चाराला धरून आहे, आणि 'एल्फिश' हे 'एल्फ'वरून नंतर सरळसोट बनवलेलं.

आता मूळ एल्फाकडे. जुन्या इंग्रजीत तो 'अ‍ॅल्फ', स्कँडिनेव्हियाच्या जुन्या नॉर्स भाषेत 'आल्फर', जर्मनमध्ये 'आल्ब' किंवा 'आल्प'. मूळ धातूबद्दल बऱ्याच अभ्यासकांचा कल 'पांढरा, उजळ' या अर्थाकडे आहे. लॅटिनमधला 'अल्बुस' म्हणजे पांढरा त्याच कुळातला, आणि आपल्या घरातला लग्नाचा अल्बम त्या अल्बुसपासून आलेला. एक जुना तर्क आपल्या दारापर्यंत येतो. एकोणिसाव्या शतकातला जर्मन पंडित आडाल्बेर्ट कून याने एल्फचं नातं ऋग्वेदातल्या ऋभूंशी जोडलं होतं. ऋभु, विभ्वन् आणि वाज हे तिघे भाऊ म्हणजे हातात जादू असलेले कारागीर. त्यांनी अश्विनींचा रथ घडवला, म्हाताऱ्या आईबापांना तरुण केलं, आणि त्वष्ट्याने केलेल्या एका चमसाचे चार चमस केले. (चमस म्हणजे सोमरसाचं पात्र. मावशीच्या चमच्यांशी संबंध नाही.) तर्क मोहक आहे. पण आजचे भाषाशास्त्रज्ञ त्याला फारसं उचलून धरत नाहीत, आणि मीही मोहात पडणार नाही. ध्वनी जुळले की शब्द जुळले असं मानायला लागलं, तर काहीही सिद्ध करता येतं.

त्या काळचा एल्फ चिमुकला नव्हता. साधारण माणसाएवढा, माणसासारखा दिसणारा, पण माणूस नसलेला. लोक त्याला मानत आणि भीतही. मानत होते हे नावांवरून दिसतं. ८७१ ते ८९९ या काळात वेसेक्सवर राज्य करणाऱ्या आल्फ्रेडच्या नावाचा अर्थ 'एल्फांचा सल्ला'. आल्विन म्हणजे एल्फांचा मित्र. जर्मन आल्बेरिक म्हणजे एल्फांचा राजा. हेच नाव फ्रेंचमधून फिरून 'ओबेरॉन' झालं आणि शेक्सपिअरच्या नाटकात पऱ्यांच्या राजाला मिळालं. आपण नागाला भितो, त्याला दूध-लाह्या दाखवतो आणि मुलाचं नावही नागोजी ठेवतो, तशातलाच हा प्रकार. बळ असलेल्याचं नाव मुलाला द्यावं, म्हणजे तो आपल्या बाजूने राहतो.

भीत होते हे औषधांच्या पोथ्यांवरून दिसतं. इंग्लंडमधल्या साधारण इसवी सन १००० च्या सुमाराच्या एका हस्तलिखितात अचानक भरलेल्या उसणीवर मंत्र आहे. पाठीत किंवा कुशीत एकदम कळ येते ती का येते? कोणीतरी न दिसणारा बाण मारला म्हणून. तो देवांचा असेल, चेटकिणींचा असेल किंवा एल्फांचा असेल, बाहेर निघ, असं तो मंत्र म्हणतो. याला 'एल्फ-शॉट' म्हणत. गुरं अचानक आजारी पडली तरी एल्फ-शॉटच. शेतात नांगर फिरला की अश्मयुगातली गारगोटीची बाणाग्रं वर येत, आणि हा घ्या पुरावा, असं लोक म्हणत. स्कॉटलंडमध्ये काहींनी ती चांदीत मढवून ताईत म्हणून गळ्यात घातली. १६६२ साली तिथल्या इझोबेल गाउडी या बाईने चेटुकाच्या आरोपावरून दिलेल्या जबानीत असे बाण प्रत्यक्ष घडवले जाताना पाहिल्याचं सांगितलं आहे.

जर्मनमध्ये तर ही भीती अजून जिवंत आहे. पुण्यात मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकलेल्यांना 'आल्पट्राउम' ठाऊक असेल: वाईट स्वप्न. शब्दशः एल्फ-स्वप्न. रात्री छातीवर येऊन बसणारा तो आल्प. जर्मनांनी गोड, पंखवाल्या एल्फसाठी 'एल्फं' असा वेगळा शब्द अठराव्या शतकात इंग्रजीतून घेतला, शेक्सपिअरचं भाषांतर करताना. म्हणजे एकाच मुळाचे दोन शब्द त्यांच्या घरात राहतात. एक बालवाडीच्या भिंतीवर, दुसरा रात्री उरावर.

हे वाचलं आणि मला आमच्या गावची नदी आठवली. काठावर शेंदूर लावलेले सात दगड होते. साती आसरा. भर दुपारी तिथे पोरींनी केस मोकळे सोडून जायचं नाही, आसरा धरतात, अशी ताकीद असायची. कोणी डोहात बुडालं की आसरांनी ओढलं. आणि या आसरा कोण? अप्सरा. तोच शब्द, लोकांच्या तोंडी झिजलेला. पुस्तकातली अप्सरा म्हणजे सौंदर्याची परमावधी. लावणीत आणि लग्नाच्या जाहिरातीत तिचीच उपमा. डोहाकाठची आसरा म्हणजे जिच्या वाटेला जाऊ नये अशी. जर्मन 'एल्फं' आणि 'आल्प' यांचं जे झालं, तेच आपल्याकडे अप्सरा आणि आसरा यांचं झालं आहे.

'परी'चंही तसंच. हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. फारसीच्या आधीच्या अवेस्ता भाषेत 'पइरिका' ही दुष्ट मायाविनी आहे, माणसाला भुलवून नाशाला नेणारी. शतकं उलटली, विष उतरत गेलं आणि उरली पंखांची गोड परी, जी आता मुलींच्या वाढदिवसाच्या केकवर बसते. म्हणजे मी एल्फिनसाठी 'परीसारखी' लिहिलं, तेव्हा धुऊन पांढरा झालेला एक शब्द दुसऱ्या तशाच शब्दाच्या जागी ठेवला होता. संपादकांना खटकलं ते यासाठीच. मावशीच्या चेहऱ्यातला धोका त्या धुण्यात निघून गेला होता.

जुन्या इंग्रजीतला एक शब्द या संदर्भात फार बोलका आहे: 'अ‍ॅल्फशीने'. अर्थ, एल्फासारखी सुंदर. उपलब्ध साहित्यात तो मोजून तीनदा सापडतो, आणि तिन्ही वेळा बायबलमधल्या स्त्रियांसाठी: दोनदा अब्राहमची बायको सारा, एकदा ज्यूडिथ. साराच्या रूपाला भुलून राजे तिला उचलून नेतात आणि देवाच्या कोपाला पात्र होतात. ज्यूडिथवर भाळलेल्या सेनापतीचं मुंडकं ती स्वतःच्या हातांनी उडवते. तिन्ही ठिकाणी बघणाऱ्या पुरुषाला ते रूप महागात पडतं. हजार वर्षांपूर्वीचा 'एल्फिन' म्हणायचा तर हा.

इंग्रजी कवी चॉसरने चौदाव्या शतकात 'एल्विश' वापरला तो आणखी वेगळ्या अंगाने. त्याच्या यात्रेकरूंच्या कथांमध्ये सराईवाला खुद्द चॉसरकडे बोट दाखवून म्हणतो, हा चेहऱ्यावरून एल्विश दिसतो, कोणाशी धड बोलतही नाही. इथे ना सौंदर्य ना खोडी. तंद्रीत असलेला, हाक मारली तर दोन क्षण उशिरा परतणारा माणूस. मघाशी म्हटलेली ती तिसरी, निसटती गोष्ट इथे एकटीच उभी दिसते.

आणि मग १५९० चं दशक येतं, ज्यात एल्फाचं रूपच पालटतं. १५९० साली एडमंड स्पेन्सरचं 'द फेअरी क्वीन' हे प्रचंड काव्य छापलं जाऊ लागलं. 'एल्फिन' हा शब्द इंग्रजीत आपल्याला पहिल्यांदा भेटतो तो तिथे. बहुधा 'एल्फांचं' या अर्थाच्या जुन्या षष्ठी रूपावरून तो बनला असावा. वेल्श दंतकथांमधल्या एल्फिन नावाच्या राजपुत्राचाही त्यात हात असू शकतो. स्पेन्सरचे एल्फिन योद्धे पुरे वाढलेले, घोड्यावर बसून भाले चालवणारे आहेत. त्याने एल्फांची एक वंशावळही दिली आहे, आणि तीत पहिल्या राजाचंच नाव आहे एल्फिन. हा राजा एल्फिन कुठे राज्य करतो? सगळा हिंदुस्थान त्याची आज्ञा पाळतो, शिवाय ज्याला आता लोक अमेरिका म्हणतात तो मुलूखही, असं कवी सांगतो. लंडनहून पाहताना दोन्ही देश तेव्हा सारख्याच धुक्यात होते. ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळायला अजून दहा वर्षं अवकाश होता. कागदावर मात्र एल्फांनी आधीच ताबा घेतला होता.

त्याच दशकात शेक्सपिअरने एल्फांना उन्हात वाळत घातल्यासारखं आटवलं. त्याचे एल्फ घाबरले की ओकफळाच्या वाटीत शिरून लपतात. पऱ्यांची राणी मॅब अंगठीतल्या खड्याएवढी होते आणि माणसांच्या नाकांवरून रथ हाकते. पण जुनी भीती त्याच्याकडेही कोपऱ्यात शिल्लक आहे. ही मॅब झोपलेल्यांच्या केसांच्या जटा करते. त्यांना 'एल्फ-लॉक्स' म्हणत, आणि त्या सोडवल्या तर अरिष्ट येतं, असा समज होता. 'किंग लिअर'मध्ये तर 'एल्फ' हे क्रियापदच होतं: एडगर म्हणतो, मी माझे केस एल्फीन, म्हणजे गुंतवून त्यांच्या जटा करीन. इथे मराठी वाचकाला थांबावंच लागतं. केसांत जट आली की ती देवीची, यल्लमाची, कापली तर कोप होईल, हे आपल्याकडे आजही सांगितलं जातं. त्या जटांच्या नावाने पोरी देवीला सोडल्या गेल्या आहेत. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव फिरून, तासन्‌तास समजूत घालून त्या कापतात. कात्री चालवायला पंधरा मिनिटं पुरतात, भीती उतरवायला महिने लागतात. इंग्रजीत एल्फ-लॉक्स हा आता केशरचनेचा काव्यमय शब्द झाला आहे. दोन्ही ठिकाणी केस तेच, न विंचरलेले.

एल्फांवर आणखी एक आरोप होता: माणसांची तान्ही मुलं पळवून त्यांच्या जागी आपली ठेवायची. मूल चालायला-बोलायला उशीर करू लागलं की हे आपलं नव्हे, बदललेलं आहे, असं म्हणत. अशा मुलासाठीचा शब्द नॉर्स 'आल्फर'पासून आला, झिजत झिजत 'ओफ' झाला, आणि आजच्या इंग्रजीत 'ओफ' म्हणजे धटिंगण, अडाणी, वस्तू पाडत चालणारा ढोल्या माणूस! एल्फिन आणि ओफ हे सख्खे भाऊबंद आहेत, यावर माझा तरी पटकन विश्वास बसला नव्हता. आपल्याकडे बुद्धापासून 'बुद्दू' आला म्हणतात, त्याची आठवण झाली.

पुढची दोन शतकं कवींची. कोलरिजच्या १७९८ च्या समुद्रकाव्यात पाण्यातल्या सापांच्या अंगावरून झडणारा उजेड 'एल्फिश' आहे. तिथे अंगावर काटा येतो. कीट्सची निर्दय सुंदरी शूर शिपायाला आपल्या 'एल्फिन' गुहेत नेते आणि तो जन्माचा कामातून जातो. १८४७ मधल्या 'जेन एअर' कादंबरीतला रॉचेस्टर जेनला एल्फ म्हणतो ते कौतुकाने, पण त्यात 'हिने माझ्यावर काय करणी केली' अशी कुरकुर आहेच. मात्र याच काळात एल्फ बालकथांत शिरला. १८२३ साली ग्रिम बंधूंच्या कथा इंग्रजीत आल्या. रात्री गुपचूप चांभाराचे जोडे शिवणारे मूळ जर्मन 'विश्टेलमेनर' इंग्रजीत एल्फ झाले. त्याच वर्षी अमेरिकेत छापल्या गेलेल्या एका नाताळच्या कवितेत खुद्द सांताक्लॉजलाच गमतीदार म्हातारा एल्फ म्हटलं आहे. पुढे त्याच्या हाताखाली कारखाना आला आणि एल्फ कामगार झाले. बाण मारणारे बोटं दुखेस्तोवर खेळणी करू लागले. यापेक्षा मोठी पदावनती कुठल्या भुताची झाली असेल, असं वाटत नाही.

या सगळ्याला वैतागला तो टॉल्किन. ऑक्सफर्डमध्ये तो अँग्लो-सॅक्सनचा प्राध्यापक होता, म्हणजे जुना, माणसाएवढा एल्फ त्याला पोथ्यांतून ओळखीचा. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' छापायला गेलं तेव्हा खिळे जुळवणाऱ्यांनी परस्पर त्याच्या 'चुका' सुधारल्या. १९५३ मधल्या पत्रात तो तक्रार करतो की यांनी माझं 'एल्विश' सगळीकडे 'एल्फिश' केलं, आणि सर्वांत वाईट म्हणजे 'एल्वन'चं 'एल्फिन' केलं. एका अक्षरासाठी एवढा राग? पण त्याचे एल्फ उंच, गंभीर आणि हजारो वर्षांचं दुःख वाहणारे होते. त्यांना एल्फिन म्हटलं असतं, तर वाचकाच्या डोळ्यांसमोर मशरूमवर बसलेला टोपीवाला आला असता. मला त्याचा राग समजतो. मराठीत कोणी 'अप्सरा'च्या जागी परस्पर 'बाहुली' छापलं, तर मीही चिडेन.

विज्ञानातही हा शब्द शिरला आहे. डोंगरमाथ्यावर, सतत ढगांत आणि वाऱ्यात वाढणाऱ्या खुज्या, वाकड्या, शेवाळलेल्या झाडांच्या रानाला 'एल्फिन फॉरेस्ट' म्हणतात. पोर्तो रिकोच्या लुकियो डोंगरांतलं असं रान प्रसिद्ध आहे. तिथल्या एका छोट्या काळ्यापांढऱ्या वटवट्याला त्यावरूनच इंग्रजी नाव मिळालं. शास्त्राला त्याची ओळख १९७२ साली झाली. वारा, साचलेल्या पाण्याची माती आणि ढगांनी अडवलेलं ऊन यांमुळे ही झाडं वाढत नाहीत. आपल्या महाबळेश्वरच्या पठारावरची जांभूळ, अंजनी, पिसा ही झाडंही वाऱ्याने आणि जांभ्यावरच्या पातळ मातीने अशीच आखूड, पिळवटलेली राहतात. पावसाळ्यात धुक्यात ती पाहिली की इंग्रजी शब्द कुठून आला, ते कळतं. आपण मात्र त्याला 'खुरटं रान' म्हणतो. झाड तेच, पण 'खुरटं' म्हणताना आपण त्याच्या न वाढण्याकडे बघतो आणि 'एल्फिन' म्हणणारा त्यात कोणीतरी राहत असेल, अशा नजरेने बघतो.

वैद्यकात मात्र या शब्दाने दुखावलं. १९६१ साली न्यूझीलंडमधल्या विल्यम्स या डॉक्टरने सहकाऱ्यांसह काही मुलांचं वर्णन केलं: हृदयाजवळची महारोहिणी अरुंद, बौद्धिक वाढ संथ आणि चेहरे एकमेकांसारखे. रुंद कपाळ, वर उचललेलं नाक, मोठं तोंड, लहान हनुवटी. हाच विल्यम्स सिंड्रोम. सातव्या गुणसूत्राच्या एका प्रतीतला छोटा तुकडा, पंचवीसेक जनुकांचा, गळालेला असतो. ही मुलं अनोळखी माणसालाही मिठी मारतील इतकी लाघवी असतात, आणि अनेकांना संगीताचं वेड असतं. वैद्यकाच्या पुस्तकांनी त्यांच्या चेहऱ्याला 'एल्फिन' म्हटलं आणि तो शब्द वर्षानुवर्षं तपासणीच्या कागदांवर लिहिला गेला. आता बरेच डॉक्टर तो टाळतात. ते बरंच झालं. आपल्या लेकराच्या केसपेपरवर परीकथेतल्या प्राण्याचं नाव कोणत्या आईला आवडेल? तेही अशा प्राण्याचं, ज्याच्या नावाने एकेकाळी हे मूल आमचं नव्हेच, असं म्हटलं जाई.

तर माझी मावशी. चौथ्या ठिकाणी 'आसरेसारखा चेहरा' लिहायचा मोह मला दोन दिवस छळत होता. अर्थाने तो अगदी जवळ होता: रूपही आहे, धोकाही आहे, इथली नसणंही आहे. पण मराठी वाचकाला लगेच शेंदूर दिसला असता, डोह दिसला असता, आणि ती बाई मँचेस्टरमधून उठून कृष्णाकाठी येऊन बसली असती. खोडून टाकलं. एका शब्दाला एकच प्रतिशब्द द्यायचा हट्टही सोडला. पहिल्या जागी 'बारीक चणीची, निमुळत्या हनुवटीची' झाली. दुसऱ्या जागी, ती दुकानात शिरते तिथे, 'मिश्कील' पुरलं. तिसऱ्या जागी नवरा तिला हाक मारतो आणि ती ऐकत नाही; तिथे 'तिचा चेहरा कुठल्याशा दुसऱ्याच गावी गेलेला' असं लिहिलं. ते चॉसरकडून आलं, हे मी संपादकांना सांगितलं नाही. चौथ्या जागी शब्द सरळ गाळला, वाक्याचं काही बिघडलं नाही.

पाचव्या जागी मावशी आजारपणात झोपलेली आहे आणि भाची तिच्याकडे बघत बसली आहे. तिथे मी लिहिलं, 'झोपेतही ती उशाखाली काहीतरी लपवल्यासारखी दिसत होती.' संपादकांनी वाक्य ठेवलं. समासात पेन्सिलीने फक्त एवढंच लिहून पाठवलं: 'चमचे?'